भार्गवीची पातळी भरलेली आहे

*मदिहा बागवान, नववी. पाणपोईपाशी आहे. नावानं हाक मारा. अभ्यासाचं बोलू नका.*

कानातला आवाज एवढंच बोलला आणि गप्प झाला. हेमलताबाई म्याकल यांनी फळ्यावरचा खाऱ्या वाऱ्याचा बाण अर्धाच सोडला. "हा बाण पुढं कुठं जातो ते वहीत काढा. मी आलेच," असं वर्गाला सांगून त्या बाहेर पडल्या.

पाणपोईपाशी एक उंच, खांदे पाडून उभी राहणारी मुलगी स्वच्छ असलेली बाटली पुन्हा पुन्हा विसळत होती. आई वारल्यापासून मदिहा शाळेत यायची, पण आली आहे असं कुणाला वाटायचं नाही.

"मदिहा, ओढणी नवी का गं?"

तिनं नळ बंद केला. "नवी कुठली, बाई. अम्मीची आहे."

"रंग छान आहे."

"तिला नव्हता आवडत. मामूनं आणली म्हणून घालायची."

बस. बाई आणखी थोडा वेळ भिंतीला टेकून तिच्याजवळ उभ्या राहिल्या. तिकडं शिक्षकांच्या खोलीतल्या पडद्यावर मदिहाच्या नावापुढची निळी रेघ तांदळाच्या दाण्याएवढी वर सरकली.

ती रेघ काय होती, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

*(रेघेविषयी)*

शहराच्या पूर्व भागात, जिथं अजूनही काही घरांतून मागांचा खटखटाट येतो, तिथं ही शाळा होती. चार लहान शाळा बंद करून एक केलेली. लोक तिला मोठी प्रशाला म्हणत. मोठी म्हणजे इतकी की शिक्षकांना दोनच प्रकारची मुलं नावानं माहीत असत: गाणारी आणि काचा फोडणारी. मधली सगळी नुसती येत आणि जात. नववीत त्यांतली बरीच जात, ती परत येतच नसत. कधी गेली, हेही वार्षिक परीक्षेच्या वेळी रिकामी बाकं दिसली की कळे.

मग काही संशोधकांनी अशाच अवाढव्य शाळांतल्या मुलांच्या कॉलरला शर्टाच्या बटणाएवढी ध्वनियंत्रं लावली. गळतीचं कारण शोधायचं होतं. गरिबी, अंतर, मार्क, सगळं तपासून झालं होतं. सापडलं ते फारच साधं निघालं. शाळा सोडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या मागं एक मोठा कोरडा पट्टा होता. त्या काळात एकाही मोठ्या माणसानं त्या मुलाशी त्याचं नाव घेऊन, अभ्यास आणि शिस्त सोडून, दुसरं काहीही बोललेलं नव्हतं. 'जेवलास का' नाही. 'केस कापलेस वाटतं' नाही. अशा बोलण्याला त्यांनी 'ओळखीचा क्षण' म्हटलं. हे क्षण एका मर्यादेखाली गेले की मूल सैल होतं, आणि मग घरातलं कुठलंही संकट त्याला सहज ओढून नेतं.

दुसरी गोष्टही सापडली. तहानलेल्याला पहिला पेला जगवतो, दहावा नुसता पोटात डुचमळतो. ज्या मुलाला भरपूर क्षण मिळतात त्याला आणखी एक दिल्यानं काही बदलत नाही. तोच क्षण कोरड्या मुलाला दिला तर ते टिकतं. म्हणजे प्रश्न माया कमी असण्याचा नव्हता, वाटपाचा होता. कालव्याला पाणी तेवढंच, पाळी नीट लावायची.

म्हणून मोठी प्रशाला कापली. लांबलचक व्हरांडे भिंती घालून तोडले आणि बारा आळ्या केल्या. प्रत्येक आळीला स्वतःचं दार, स्वतःचा जिना, स्वतःचं स्वयंपाकघर आणि दहावीपर्यंत तेच ते मोजके शिक्षक. ज्यांचे आईबाप कामासाठी गाव सोडतात त्या मुलांसाठी आळीतच राहायची सोय, तिचं नाव 'थांबा'. अट एकच होती: कुटुंब निघायच्या आधी शिक्षकानं कळवायचं. एकदा मुलाची नोंद दुसऱ्या गावी गेली की जागाही गेली.

आणि सगळ्यांच्या कॉलरला ते बटण. बटणाला मुलाच्या नावाखेरीज दुसरे शब्द कळत नसत. आवाजाचा पोत, थांबे, मूल कुठं आहे, कुणी त्याच्याकडं वळलं का, ते उत्तरलं का, एवढंच ते टिपायचं. त्यावरून प्रत्येक मुलाची पातळी ठरायची. पातळी खाली आली की जवळच्या शिक्षकाच्या कानात कुजबुज. शिक्षक त्या यंत्राला कुजबुजच म्हणत.

चाललं ते. खरोखर चाललं. पहिल्याच वर्षी नववीची बाकं मार्चपर्यंत भरलेली राहिली. मुख्याध्यापक बिराजदार सर निरोप समारंभात माइकपुढं उभे राहिले आणि भाषण बाजूला ठेवून नववीतल्या मुलांची नावं एकेक करून वाचत गेले.

पोरांनीही यंत्र लगेच ओळखलं. "बाई, मी फार खचलोय ओ," असं म्हणत एखादा तोंड पाडून समोर यायचा.

"चल खचलेल्या, नकाशा गुंडाळून ठेव."

फक्त एक अट शिक्षकांच्या संघटनेनं घातली होती. कुणी हाक मारली, हे यंत्रानं नोंदवायचं नाही. नाहीतर उद्या शिक्षकांची मायेवरून क्रमवारी लागेल. अट रास्त होती, सगळ्यांनी हात वर केले. सभेत ती मांडली होती हेमलताबाईंनी. त्यामुळं कुजबुजीला एवढंच कळे की कुणीतरी मोठं माणूस प्रेमानं बोललं. कोण, ते नाही.

*भार्गवी गुंडेटी, नववी. पातळी भरलेली आहे. इतरांकडे वळा.*

गच्चीवर पर्जन्यमापक होता, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा होता, आणि त्या दोन्हींची मालकीण असल्यासारखी वागणारी भार्गवी होती. बुटकी, वेणीला कधीच रिबीन नसलेली. मधल्या सुट्टीत हेमलताबाई वर जायच्या, दोघी तापमान बघायच्या, मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत डबा. भार्गवीच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठरलेली.

"बाई, तुमची पोळी बघितली की मला दया येते."

"का गं?"

"इतकी मऊ. तिला स्वतःचं मत म्हणून नाहीच."

बाईंना ठसका लागला. घरी त्या एकट्या. दिवसातलं पहिलं हसू त्यांना बहुतेक इथंच यायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. भार्गवीलाही नाही.

"नान्नानं माग विकायला काढलाय," भार्गवी भाकरी मोडत म्हणाली. बापाला ती नान्ना म्हणायची. "पलीकडच्या राज्यात अत्ता, नान्नाची बहीण, राहते ना, तिथं टॉवेलचा मोठा कारखाना निघालाय. नान्ना म्हणतो, जाऊ. अम्मा म्हणते, बघू."

"आणि तू?"

भार्गवीनं तोंड उघडलं. नेमकी तेव्हाच कुजबुज आली. *पातळी भरलेली आहे. इतरांकडे वळा.* पाठोपाठ तीन नावं. बाईंची नजर क्षणभर सुटली, आणि ती सुटलेली भार्गवीनं बघितली.

"काय म्हणतंय ते?"

"काही नाही गं. तू भरलेली आहेस म्हणतंय." बाई हसत उठल्या. "खाली तीन रिकामी भांडी वाट बघतायत. उद्या बोलू या, हं? बघू म्हणते ना अम्मा, मग अजून वेळ आहे."

"जावा जावा," भार्गवीही हसली. "मी काय पळून जात नाही."

उद्या बाई वर गेल्या नाहीत. परवाही नाही. मदिहा जेवत नव्हती. दुसऱ्या एकाचा बाप परत प्यायला लागला होता. कामं खरी होती. गच्चीच्या जिन्यापाशी आल्या की कानात तेच वाक्य यायचं आणि बाईंची पावलं वळायची. मनाला त्या समजावत, तिचं बरं चाललंय. पडद्यावर रोज दिसतंय ना, निळी रेघ काठोकाठ.

*ऐकू आलं ते / घडलं ते*

यंत्राला ऐकू आलं ते: प्रौढ आवाज. नाव घेतलं. मुलीचा आवाज, स्थिर. दोघींचं हसणं. विराम. प्रौढ आवाज दूर जातो. क्षण मोजला. पातळी भरलेली.

घडलं ते:

भार्गवी वर्गाबाहेर थांबली होती. सगळे गेल्यावर ती आत आली नाही, दारातच उभी राहिली. असं ती कधी करत नसे.

"भार्गवी! अगं, दारात काय अशी पाहुण्यासारखी?"

"पाहुणीच की आता," ती म्हणाली, आणि हसली. बाईही हसल्या. थट्टाच वाटली ती.

"बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं. थोडा वेळ लागेल."

*मदिहा बागवान. मागचा जिना. तातडीनं.*

तातडीनं हा शब्द कुजबुज क्वचित वापरी. बाई उठल्यासुद्धा. मग थांबल्या. एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, त्या थांबल्या होत्या.

"आत्ताच सांगायचंय का गं?"

भार्गवीनं बाईंच्या कानाकडं बघितलं. "मदिहा आहे का?"

"हो."

"मग जावा ओ बाई. माझं काय, भरलेलंच आहे."

*मदिहा बागवान. मागचा जिना. तातडीनं.*

मदिहा शेवटच्या पायरीवर होती. दप्तरात पुस्तकांऐवजी कपडे, हातात चपला, आवाज होऊ नये म्हणून. कुठं निघालीस विचारल्यावर तिनं रेल्वे स्टेशन एवढंच सांगितलं. कुठल्या गाडीनं, तर माहीत नाही. येईल त्या.

बाईंनी तिला थांब म्हटलं नाही. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मदिहा, माझे गुडघे दुखतात. उठवायला कुणीतरी लागेल मला. घाई नसेल तर बस."

ती बसली. शाळा सुटून आळी रिकामी होईतो दोघी तिथंच होत्या. शेवटी मदिहा बाईंच्या मांडीत तोंड खुपसून रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ढसाढसा, नाक वाहीपर्यंत. बाईंचा पदर पार भिजला. दुसऱ्या दिवशी तिच्या मामूनं प्रशालेत येऊन हात जोडले. यंत्र चुकलं नव्हतं. ही गोष्ट यंत्र चुकल्याची नाही. तशी असती तर हेमलताबाईंना रागवायला कुणीतरी सापडलं असतं.

*भार्गवी गुंडेटी. स्थलांतर. नोंद बंद. शेवटची पातळी: भरलेली. धन्यवाद.*

ही कुजबुज सकाळी प्रार्थनेच्या वेळी आली. हेमलताबाईंना ती आधी कळलीच नाही. मग त्यांनी रांगेत बघितलं. भार्गवीच्या जागी एक नवा मुलगा उभा होता, नव्या गणवेशाची घडीही न मोडलेला. जागा रात्रीतून भरली होती.

त्या तशाच गुंडेटींच्या घरी गेल्या. दाराला कुलूप. आतल्या खोलीतला माग काढून नेलेला, खिडकीतून जमिनीतला चौकोनी खड्डा दिसत होता. परत येऊन त्यांनी पडदा उघडला. मागचे सगळे दिवस चाळले. रेघ एकदाही खाली आली नव्हती. आपण तर गच्चीवर जाणंच सोडलं होतं. मग ही भरली कुणी?

स्वयंपाकघरात इरम्मा भाताचं पातेलं उतरवत होती. आळीतल्या मुलांचं जेवण तीच करायची.

"इरम्मा, भार्गवी इकडं यायची का गं?"

"येत होती की रोज. लई गोड पोर." इरम्मानं हात पुसले. "दारात उभारायची, म्हणायची, मावशी, माझं नाव घ्या की एकदा. मी म्हणायची, भार्गवी माझी बाय, आज काय खाल्लीस? मग हसायची, काहीतरी बोलायची, जायची. म्हणायची, हा खेळ आहे, मला जिंकायचंय. का ओ बाई? काय चुकलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुझं काही नाही चुकलं."

उरलेलं मदिहानं सांगितलं. आता ती बोलू लागली होती. अडखळत, पण बोलत होती.

"तिनंच मला सांगितलेलं, बाई. म्हणाली, माझी पातळी खाली आली तर बाईंच्या कानात माझं नाव येईल. मग त्या माझ्याकडं येतील, तुझ्याकडं यायच्या नाहीत. तुझी अम्मी गेलीय. माझी आहे. म्हणून मी माझी वर ठेवते."

"आणि गावाला जाणार हे?"

"ते नाही सांगितलं." मदिहा ओढणीच्या टोकाला पीळ देत राहिली. "मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं. म्हणून नसेल सांगितलं."

हेमलताबाई शिकवायला वर्गात गेल्या. शिकवलंही. त्या दिवशी कुजबुजीनं सांगितलेल्या प्रत्येक मुलाशी त्या बोलल्या. प्रत्येकाची रेघ वर गेली. बाईंचा आवाज त्या दिवशी आतून कसा होता, हे मोजणारं काही त्या इमारतीत नव्हतं.

*(इथं कुजबुज नाही. गाव दुसरं, राज्य दुसरं.)*

टॉवेलच्या कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. काही महिन्यांनी, गुंडेटींच्या शेजाऱ्यांकडून पत्ता काढून, हेमलताबाई तिथं येऊन उभ्या होत्या. सुट्टीचा भोंगा झाला आणि निळ्या एप्रनमधल्या बायकांचा लोंढा बाहेर आला. केसांवर कापसाची पांढरी भुरभुर, त्यामुळं सगळ्याच वयस्कर दिसत होत्या. त्यांतली एक बुटकी बाई जवळ आली आणि भार्गवी झाली.

"बाई! तुम्ही?" मग वळून बरोबरच्या दोघींना तेलुगूत म्हणाली, "ह्या आमच्या शाळेतल्या मॅडम." आमच्या बाई नाही म्हणाली. शाळेतल्या मॅडम.

बाकावर बसल्या. भार्गवीनंच दोन चहा सांगितले.

"कशी आहे मदिहा?"

"बरी आहे. जेवते. परवा वर्गात भांडली कुणाशी तरी."

"भांडली?" भार्गवीचा चेहरा उजळला. "मग बरीच आहे की."

हेमलताबाईंनी येताना गाडीत घोकलेलं सगळं एका दमात सांगितलं. थांब्यातली जागा गेली हे खरं, पण बिराजदार सरांशी बोलणं झालंय. नाहीच मिळाली तर माझ्या घरी राहा. खोली रिकामी आहे. दहावी होईपर्यंत. पुढंही. नान्नाशी मी बोलते.

भार्गवी ऐकत होती. मान हलवत होती. मोठी माणसं लहानांचं ऐकतात तशी.

"अम्माला इथं आल्यावर दम लागायला लागलाय, बाई. कापूस बसलाय छातीत, डॉक्टर म्हणाला. ती आता घरीच असते. तिच्या जागेवर मी लागले. धाकटा सहावीत आहे, त्याला सोडणं, आणणं." तिनं चहाचा घोट घेतला. "तेव्हा राहिले असते तर राहिले असते. तेव्हा अम्मा बरी होती. आता कशी येऊ?"

"आधी सांगितलं असतंस तर—" बाई बोलून गेल्या, आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"सांगायला आले होते की." तिच्या आवाजात कुठंच काही नव्हतं, ना राग, ना टोमणा. "त्या दिवशी. तुम्ही मागच्या जिन्याकडं गेलात."

बाईंना खाली बघावं लागलं.

"असं नका करू ओ बाई. बरं झालं गेलात. नाहीतर मदिहा कुठल्या कुठं गेली असती. तिचा पत्ता पण लागला नसता. माझा तर लागला की तुम्हाला."

"तू रोज इरम्माकडं जायचीस."

"हां." भार्गवी थोडी लाजली. "चांगली आहे ती. पण तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, तिला रागवू नका. एवढंच, की..." ती टपरीवाल्याकडं बघत राहिली. "मला वाटायचं, यंत्राला फसवता येतंय, तुम्हाला नाही येणार. तुम्ही एखाद्या दिवशी वर याल आणि म्हणाल, काय गं, सोंग करतेस का? मी रोज डबा वरतीच खायची."

भोंगा झाला. बायका उठल्या. भार्गवीनं दोन्ही पेले उचलून टपरीच्या कठड्यावर ठेवले, एप्रनच्या नाड्या मागं आवळल्या.

"तुमची गाडी कधीये? सोडायला आले असते स्टँडपर्यंत, पण पाळी चालू झाली की फाटक लावतात."

"जा तू. मी जाईन."

"उन्हाचं डोक्यावरून पदर घ्या," ती म्हणाली, आणि घाईनं, जवळजवळ पळत, त्या लोंढ्यात शिरली. निळ्या पाठी एकसारख्याच होत्या. फाटक लागेपर्यंत बाईंना वाटत होतं, ती अजून दिसतेय.

स्टँडवर पाट्या तेलुगूत होत्या. हेमलताबाईंच्या घरची भाषा तेलुगूच, आईशी त्या जन्मभर तीच बोलल्या. पण लिहायला वाचायला कुणी कधी शिकवली नव्हती. गोल गोल अक्षरांच्या पाट्या लावलेल्या गाड्या येत, थोडा वेळ धडधडत, माणसं भरून निघून जात. त्यांतली एखादी त्यांच्या शहराची असणार. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या. कुणाला विचारावं, हे त्यांना सुचलं नाही.

पेरू विकणारी एक म्हातारी बराच वेळ त्यांच्याकडं बघत होती. शेवटी टोपली खाली ठेवून जवळ आली. बाईंच्या दंडाला हात लावून म्हणाली, "एटु पोवालम्मा?"

कुठं जायचंय, बाळा?

प्रश्न सोपा होता, भाषा घरची होती. हेमलताबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. म्हातारी वाट बघत राहिली.